लोळलेल्या फडाला रकाना नाही

मार्च लागला की माझ्या झेरॉक्सच्या दुकानात गुरुजी लोकांची गर्दी होते. गोपनीय अहवालाचे फॉर्म! पहिला भाग ज्याचा त्यानं भरायचा, म्हणजे वर्षभरात मी काय दिवे लावले ते. मग मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख असं करत कागद वर गटशिक्षणाधिकाऱ्याकडं सरकतो आणि शेवटी शेरा मिळतो: अत्युत्कृष्ट, उत्कृष्ट, निश्चित चांगला, चांगला. 'निश्चित चांगला' हा नुसत्या 'चांगला'पेक्षा वरचा असतो, हे मला दुकान टाकल्यावर कळलं.

बरेच जण पेनड्राईव्ह देतात आणि सांगतात, "मागच्या वर्षीचं उघड, साल बदल, दोन प्रती काढ." यंदा एकाच्या फाईलीत भलत्याच गुरुजींचं नाव आणि भलतीच शाळा निघाली. मी दाखवलं तर म्हणाले, "बरं झालं बघितलंस." नाव आणि शाळा बदलून घेतली, बाकी मजकूर तसाच.

संध्याकाळी हे कट्ट्यावर सांगितलं आणि पेटलं. कट्टा म्हणजे बीड जिल्ह्यातल्या केजच्या धारूर रोडला दुकानापुढच्या नालीवर टाकलेली फरशी. त्या दिवशी आमचे जिल्हा परिषदेतले गुरुजी होते, पुण्याहून पाडव्याला आलेला पप्पू होता आणि साखर कारखान्यावरून दोन दिवसांसाठी गावाकडं आलेले ऊसतोड टोळीचे मुकादम अण्णा.

पप्पू एका फायनान्स कंपनीत आहे. त्यानं लगेच सुरू केलं. "म्हणून तर मी म्हणतो, तुमच्यात कामाला मोजमापच नाही. आमच्याकडं दर तीन महिन्याला टार्गेट. जमलं तर इन्क्रिमेंट, नाही तर घरी."

"तुझं टार्गेट काय असतंय?" गुरुजींनी विचारलं.

"वसुली."

"हप्ता आला त्या दिवशी तुझी वसुली झाली. पोरगं वाचायला लागलं, ते कोणत्या तारखेला लागलं म्हणून लिहू मी?"

"लिहा की. निपुणमध्ये, सरकारच्या वाचन-गणिताच्या अभियानात, आहे ना, तिसरीच्या पोरानं मिनिटाला किमान ६० शब्द वाचायचे. घड्याळ लावा."

गुरुजी म्हणाले, घड्याळाला ना नाही, पण त्या घड्याळाला पगार बांधला की काय होतं ते ऐक. १२ वर्षं नोकरी झाली की वरिष्ठ वेतनश्रेणी, २४ झाली की निवडश्रेणी. २३ ऑक्टोबर २०१७ च्या शासन निर्णयानं त्यात अट घातली, शाळासिद्धीत, म्हणजे शाळांच्या सरकारी मूल्यमापनात, शाळा 'अ' श्रेणीत पाहिजे. "आन शाळासिद्धीत आधी गुण कोण देतंय? शाळा स्वतःच स्वतःला. आता तूच सांग, साऱ्या गुरुजींचा पगार अडकल्यावर शाळा कोणत्या श्रेणीत जाईल?" ती अट पुढं बाजूला पडली, पण तेवढ्यात आमच्या गुरुजींच्या फायलीची जाडी दुप्पट झाली होती. फोटो मीच काढून दिले होते, रंगीत.

मी म्हटलं, हे काही आपल्याकडंच नाही. अमेरिकेत अटलांटा शहरात पोरांच्या गुणांवर शाळेचं नाव आणि बक्षीस ठरायला लागलं, तर मास्तर लोकच उत्तरपत्रिकेतली चुकीची खूण खोडून बरोबर करायला लागले. २०११ च्या चौकशीत ४४ शाळांमधल्या १७८ जणांची नावं आली. २०१५ ला त्यातल्या ११ जणांवर कोर्टात गुन्हा शाबित झाला.

"म्हंजी तिथं बी झेरॉक्सवाले असतील," अण्णा म्हणाले.

पप्पू मागं हटेना. त्याचं एक म्हणणं मला आजही पटतं. गुणांवर नको, तर साहेबाच्या शेऱ्यावर तरी कसा भरवसा ठेवायचा? पूर्वी वाईट शेरा असेल तरच कळवायचे. देव दत्त यांच्या खटल्यात २००८ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं, सरकारी नोकराचा शेरा बरा असो की वाईट, त्याला कळवलाच पाहिजे. बरोबरच आहे ते. पण रोज ज्याचं तोंड बघायचं त्याला 'साधारण' लिहून कोण देणार? आणि केंद्रप्रमुखाकडं दहा-बारा शाळा. तो येतो, पोषण आहाराची नोंद बघतो, हजेरी बघतो, शेरेबुकात सही करतो. तास सुरू असताना मागच्या ओळीत बसून अख्खा तास ऐकलाय, असं कितीदा झालं?

"अठरा वर्षांत दोनदा," गुरुजी म्हणाले. "त्यातला एक साहेब चांगला होता. तास संपल्यावर म्हणला, तुम्ही प्रश्न विचारताव आन उत्तर बी तुम्हीच देताव, पोरांना थांबू द्या की. कुठं लिहिलं नाही त्यानं, पर तेवढं एकच मला आजपर्यंत उपयोगी पडलं."

टीईटीवर, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेवर, फार वेळ घालवला नाही. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, नोकरी ५ वर्षांपेक्षा जास्त राहिली असेल त्यांनी २ वर्षांत पास व्हायचं. गुरुजी पुतण्याचं गाईड घेऊन बसतात. पुतण्या त्यांची तोंडी घेतो म्हणे.

अण्णा एवढा वेळ तंबाखू मळत होते. म्हणाले, "तुमचं लै अवघड करून ठेवलंय. आमच्यात सरळ आहे. काट्यावर गाडी चढवा, टन मोजा, कोयत्याला, म्हंजी नवरा-बायकोच्या जोडीला, तेवढे पैसे."

"आन ऊस लोळलेला असंल तर?" गुरुजींनी विचारलं.

अण्णा थांबले. वाऱ्यानं आडवा झालेला ऊस तोडायचा म्हणजे गुंता सोडवत, वाकून, एकेक कांडकं ओढून काढावं लागतं. उभ्या उसात सांजच्यापर्यंत गाडी भरती, तिथं अर्धी भरत नाही.

"लोळल्या फडात टोळी उतरत नाही," ते म्हणाले. "शेतकऱ्याला वरून खुशाली द्यावी लागती."

"मग माझा फड बघा. पटावर एकवीस पोरं. दिवाळी झाली की त्यातली अकरा कोयत्याबरोबर गेली. एप्रिलात येत्याल. परीक्षा मात्र एकवीस पोरांची, सरासरी बी एकवीस पोरांची, आन तालुक्याच्या शाळेशी तुलना. फॉर्मात लोळल्या फडाला रकाना कुठाय?"

पप्पू म्हणाला, हंगामी वसतिगृह असतं की. असतं, गुरुजी म्हणाले, आजीजवळ पोरं ठेवून तिथं जेवायला घालायची सोय आहे. पण यंदा जेवण सुरू होईस्तोवर ट्रॅक्टर निघून गेले होते.

ट्रॅक्टर कुणाचे, हे कुणी बोललं नाही. उचल, म्हणजे हंगामाआधी आगाऊ पैसे, देऊन गुरुजींच्या शाळेच्या गावातल्या जोड्या अण्णांनीच नेल्या होत्या, हे चौघांनाही ठाऊक होतं. पोरांनी काय खायचं आणि कुणाजवळ राहायचं, हे उचल देणारा ठरवत नाही. पण ट्रॅक्टरात चढताना त्यांना मोजतो तोच.

चहा आला. अण्णांनी बशीत ओतला, फुंकला, आणि गुरुजींकडं न बघता विचारलं, "ती आमच्या टोळीतल्या म्हादूची बारकी. पाचटावर बसून कागदाचे तुकडे वाचत असती. तुमच्याकडंच हाय का?"

"माझ्याकडंच. दिवाळीला जोडाक्षरावर आली होती."

"आता काय वाचती म्हणावं?"

"तिकडं काय हाय वाचायला?"

"खताच्या गोण्या," अण्णा म्हणाले.

गुरुजींनी खिशातून पेन काढलं, तिचं नाव हातावर लिहिलं आणि अण्णांना विचारलं, उद्या परत जाताना दोन पुस्तकं नेताल का.