१८६५ चं कौल आणि आमचा गोठा

परवा घरच्या ग्रुपवर चुलतभावाने एक फोटो टाकला. मळ्यातल्या गोठ्याचं जुनं कौल, त्यावर उठावाच्या अक्षरांत बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती मिशनचं नाव आणि १८६५ हा आकडा. खाली त्याने लिहिलं, "आपला गोठा १६० वर्षांचा!" लगेच हात जोडलेली चित्रं सुरू झाली. मग कुणीतरी त्यात अमेरिकेतली लढाई आणली. १८६१ ते १८६५ तिकडे यादवी चालली, विलायतेला तिकडचा कापूस मिळेना, खान्देशच्या कापसाला भाव आला आणि त्या पैशात आपल्या खापरपणजोबांनी गोठा बांधला. संध्याकाळपर्यंत हा इतिहासच होऊन बसला.

लढाई खरी, भावही खरा. पण आमचा गोठा त्यात बसत नाही. ग्रुपवर बोललो नाही, लग्नसराई तोंडावर आहे. इथे लिहितो.

१८६५ हे कारखान्याचं साल आहे, कौलाचं नाही. बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना त्या साली काढला आणि पुढे कैक वर्षं तोच आकडा कौलांवर उठवला. मिठाईच्या दुकानाच्या पाटीवर 'स्थापना' लिहितात, त्यावरून पेढा कधीचा ते आपण ठरवत नाही ना? शिवाय कौलं ही गोठ्यावरची सगळ्यात उपरी वस्तू. भिंत तीच ठेवून वरचं छप्पर दहादा बदलता येतं.

गोठ्याचं वय बघायचं तर भिंतीकडे बघा. बाहेरून उत्तरेच्या भिंतीला उभं राहिलं की मधोमध एक सरळ उभी सांध दिसते. एरवी दगडांचे थर एकमेकांत गुंतलेले असतात, इथे मात्र पायापासून वरपर्यंत सुरीने कापल्यासारखी रेघ. ती जुन्या गोठ्याच्या कोपऱ्याची. पलीकडचा भाग नंतर आणून टेकवलाय. जुन्या भागावर धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर आहे, नव्यावर कौलं. म्हणजे ज्या कौलावरून वय काढलं ते धाकट्या अर्ध्यावरचं! थोरल्याला कुणी विचारलंच नाही.

थोरल्याचा दगडही वेगळा. आमच्या साक्री-धुळे-नंदुरबार पट्ट्यात शेतांमधून काळ्या दगडाच्या लांबच लांब रांगा जातात, कुणी भिंत घालून ठेवावी तशा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या वेळी जमिनीच्या भेगांत रस भरला आणि तिथेच थिजला. अभ्यासक त्याला डाईक म्हणतात. हा दगड आपल्या चिरांवर फुटतो, बऱ्यापैकी चौकोनी निघतो. गवंड्याने एक तोंड छिन्नीने साफ केलं की झालं. आमच्या जुन्या भिंतीत तोच आहे. नव्या अर्ध्यात नाल्यातले गोटे मातीत बसवलेत, पैसा कमी पडला असावा किंवा गवंडी.

आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आतल्या बाजूने जागोजाग दगडांची टोकं वीतभर बाहेर आलीत. आम्ही त्यांना खुंट्या समजायचो, जू आणि कासरे तिथेच टांगलेले असायचे. ते खरं तर भिंतीच्या आरपार गेलेले लांब दगड आहेत. जाड दगडी भिंत म्हणजे बाहेरची एक, आतली एक आणि मध्ये भराव. दोघींना बांधून ठेवणारं कुणी नसेल तर भिंतीला पोट सुटतं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात अशाच भिंती उकलल्या आणि वरच्या मातीचा भार माणसांवर आला. म्हणून जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. नव्या अर्ध्यात एकही आरपार दगड नाही आणि पोट तिथेच सुटलंय. तिथे भर म्हणून कुणीतरी (नाव घेत नाही, वडीलमाणूस आहे) सिमेंटचं प्लास्टर केलं. मातीच्या भिंतीतली ओल बाहेर पडायची ती आतच कोंडली.

आता मुद्दा. घडीव दगड आणि सागाचे खांब विकत घ्यायला एकजण येऊन गेलाय. कुणाच्या तरी बंगल्याच्या दर्शनी भिंतीला लागतात म्हणे. घरात दोन तट आहेत, विका म्हणणारा आणि 'फार्म स्टे' करा म्हणणारा. मला दोन्ही पटत नाहीत. गोठ्यात आजही दोन म्हशी आणि एक गोऱ्हा आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा पत्र्याच्या शेडमधली ढोरं जिभा काढतात आणि आमच्या म्हशी धाब्याखाली रवंथ करत पडलेल्या असतात. दारातला दगड बैलांच्या खांद्यांनी घासून आरशासारखा झालाय. त्याच्यावर दिवे सोडून वाढदिवसाचे फोटो काढायचे?

हे धाबं टिकवायला लागते फक्त खारी. खाली सरे म्हणजे जाड तुळया, त्यावर कड्या म्हणजे बारीक लाकडं, मग काठ्या, निंबाचा पाला, चिखल आणि सगळ्यात वर ही पांढरट खारी माती. पाण्याने चिकट होऊन ती भेगा बुजवते, आणि अंगातल्या खारामुळे वर गवत धरू देत नाही. आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की माय मागेच लागायची, "पानी येवाना पहिले खारी टाकी ल्या रे." आम्ही टाकायचो, पण जुनी न खरवडता. वर्षावर वर्षं थर चढत गेला आणि एक कडी वाकली. यंदा आधी सगळं खरवडून काढणार, मग थर वीतभराच्या आत राहील तेवढीच टाकणार. नव्या अर्ध्याचं प्लास्टरही फोडतोय.

अडचण एवढीच, गावाजवळची खारीची जागा प्लॉट पाडून विकली गेली. साक्री, पिंपळनेर, धुळ्याकडच्या मित्रांनो, चांगली खारी अजून कुठे निघते? दोन ट्रॉल्या लागतील. आणि धाबं चोपायला जुनं माणूस कुणाच्या माहितीत असेल तर तेही कळवा, मजुरी रोख देतो.