नरक्या, जास्मोनेट आणि 'भेसळीचं औषध': खानापूरच्या वाचकांना उत्तर

नमस्कार काका,

पेशीसंवर्धनावरच्या, म्हणजे झाडाच्या पेशी भांड्यात वाढवून औषध काढण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "काचेच्या भांड्यात रसायन पाजून काढलेलं औषध भेसळीचंच. आमच्या जांबोटी-कणकुंबीच्या रानात नरक्या उभा आहे, तो वापरा की."

काका, तो उभा राहावा म्हणूनच तर हा खटाटोप. कर्करोगावरच्या औषधांसाठी लागणारं नरक्यातलं कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य चार पानं खुडून मिळत नाही. ते मुख्यतः खोडात, सालीत, मुळांत. म्हणजे झाड मुळासकट काढायचं आणि ढलप्यांची पोती भरायची. शेजारच्या सिंधुदुर्गातल्या नरक्याच्या तस्करीच्या बातम्या तुम्हीही पेपरात वाचल्या असतील.

आता ते रसायन. पेशींना बहुतेक वेळा देतात ते मिथाइल जास्मोनेट. 1962 साली ते चमेलीच्या तेलात सापडलं. पानाला अळी लागली की झाड स्वतःच जास्मोनेट तयार करतं, आणि तो इशारा मिळताच पेशी कडू, विषारी द्रव्यं बनवू लागतात. औषध म्हणून आपल्याला हवी असतात ती बऱ्याचदा हीच. भांड्यातल्या पेशीला साखर, क्षार सगळं आयतं मिळतं, शत्रू कोणी नाही. ती नुसती वाढत राहते. म्हणून आधी तिला पोटभर वाढू द्यायचं आणि मग इशारा द्यायचा. घाई केली तर वाढच खुंटते. सगळं कसब या वेळेत आहे. 1996 मध्ये जपानी संशोधकांनी टॅक्सस या झाडाच्या पेशींना लिटरमागे जेमतेम 22 मिलिग्रॅम मिथाइल जास्मोनेट दिलं, तेव्हा टॅक्सॉल हे कर्करोगावरचं औषध लिटरला 110 मिलिग्रॅमवर गेलं. ते वेगळं करून शुद्ध केलं की रेणू झाडातला तोच. भेसळ कुठे आली?

(टॅक्सॉल आणि कॅम्प्टोथेसिन, दोन्ही शोधणाऱ्या जोडीतले मनसुख वाणी आपल्या नंदुरबारचे. हे शाळेत शिकवायला हवं.)

नरक्याच्या पेशी मात्र भांड्यात अजून फारच कमी देतात, सालीच्या जवळपासही नाही. म्हणून ऑफिओऱ्हायझा या दुसऱ्या वनस्पतीच्या केसाळ मुळांवर मला जास्त भरवसा वाटतो. जिवाणूच्या साहाय्याने वाढवलेली ही मुळं कॅम्प्टोथेसिन भोवतीच्या द्रावणात सोडतात. मुळं न कापता ते गोळा करता येतं.

शेतकऱ्याने बांधावर नरक्या लावावा, यात मी पूर्ण तुमच्याबरोबर आहे. फक्त रोपं रानातून उपटून आणू नका. खाली पडलेली पिकली फळं वेचा, गर धुवून बी पिशवीत लावा.