थायरॉईडची गोळी आणि ‘गिळलेले शब्द’

पंचवटीत माझं औषधांचं दुकान आहे. गेल्या पावसाळ्यात नेहमीच्या एक काकू आल्या, बीपीच्या गोळ्या घेतल्या आणि थायरॉईडची बाटली काउंटरवरून मागे सरकवली. “भाऊ, ती बंद केली मी. पंधरा दिवस झाले, काही त्रास नाही. उलट हलकं वाटतंय.” मग मोबाइल पुढे केला.

तो मेसेज मलाही तीन ग्रुपांवरून आलेला होता. थोडक्यात असा: ‘न आठवणाऱ्या आठवणीही शरीरात साठून राहतात. प्रत्येक आजार म्हणजे दाबलेली भावना. थायरॉईड म्हणजे गिळलेले शब्द, मधुमेह म्हणजे आयुष्यात हरवलेला गोडवा, कॅन्सर म्हणजे जुना राग. ती आठवण शोधून बाहेर काढा, औषधं आपोआप सुटतील.’

यातलं पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे. त्याच्या आधाराने पुढची वाक्यंही लोकांना खरी वाटतात, म्हणून एकेक घेऊन उत्तर देतो.

‘न आठवणाऱ्या आठवणीही साठून राहतात.’ हो, राहतात. क्लापारेद नावाच्या स्विस डॉक्टरांनी १९११ साली एक प्रसंग नोंदवला. त्यांच्या एका रुग्ण बाईंना नवं काही लक्षात राहत नसे, डॉक्टरही रोज नव्याने भेटल्यासारखे वाटत. एकदा डॉक्टरांनी तळहातात टाचणी लपवून त्यांच्याशी हस्तांदोलन केलं. पुढच्या वेळी बाईंना टोचल्याचं आठवत नव्हतं, पण त्यांनी हात मागे घेतला. का घेतला, ते त्यांना नीट सांगता येईना. १९९५ मध्ये मेंदूच्या वेगवेगळ्या भागांना इजा झालेल्या रुग्णांवर एक प्रयोग झाला. विशिष्ट रंगाचं चित्र दिसलं की पाठोपाठ कर्कश भोंगा वाजायचा. ज्याचा अमिग्डाला (मेंदूतला भीतीशी संबंधित भाग) निकामी होता, त्याला कोणत्या रंगानंतर भोंगा वाजतो ते सांगता येई, पण त्याच्या हाताला घाम फुटत नसे. ज्याचा हिप्पोकॅम्पस (घटना लक्षात ठेवणारा भाग) निकामी होता, त्याला घाम फुटे, पण सांगता काहीच येत नसे. म्हणजे घटनेची आठवण आणि भीतीची खूण मेंदूत वेगवेगळ्या जागी राहते, आणि एक गेली तरी दुसरी राहू शकते.

मला हे पटायला प्रयोगाची गरज नव्हती. २००८ च्या सप्टेंबरात गंगेला (नाशिकात आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) पूर आला, तेव्हा माझं दुकान काठाजवळ होतं. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की आम्ही माल वर चढवायचो, पण त्या दिवशी वरचे कप्पेही पुरले नाहीत. कितीतरी वर्षांनी, नव्या दुकानात, एसीचं पाणी गळून एक खोका भिजला. मी बिल करत होतो. अचानक छाती धडधडायला लागली, तळहात ओले झाले. मिनिटभराने कळलं की भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतोय. आधी घाम आला, कारण मागाहून कळलं.

‘प्रत्येक आजार म्हणजे दाबलेली भावना.’ इथून गाडी घसरते. ताणाचा शरीरावर परिणाम होतो, हे मोजून पाहिलेलं आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची सेवा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि त्यांच्याच वयाच्या दुसऱ्या १३ स्त्रियांच्या हातावर सारखीच छोटी जखम करण्यात आली. सेवेत गुंतलेल्या स्त्रियांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. ५२ देशांमधल्या हृदयविकाराच्या अभ्यासात (२००४) तंबाखू, मधुमेह, रक्तदाब यांच्या जोडीला मानसिक ताणही धोक्याच्या घटकांत निघाला. ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसोल (ताण आला की शरीर सोडतं ती रसायनं) दहा मिनिटं चढले तर जीव वाचवतात. रोज चढत राहिले तर रक्तदाब, साखर, झोप सगळ्यांवर भार पडतो. पण हा भार धोका वाढवतो. त्यावरून प्रत्येक आजाराचं मूळ भावनेत आहे असं ठरत नाही.

उलट घडलेलंही सांगायला हवं. पोटातला अल्सर काळजीने होतो, असं अनेक दशकं डॉक्टरच सांगत. ‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला औषधाइतकाच नेमाने मिळे. मग ऑस्ट्रेलियातल्या वॉरन आणि मार्शल यांना अल्सरच्या रुग्णांच्या जठरात एक जिवाणू सापडला. कुणी विश्वास ठेवेना, म्हणून मार्शल १९८४ मध्ये तो जिवाणू स्वतः प्यायले आणि त्यांच्या जठराला सूज आली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आज बहुतेक अल्सरच्या मुळाशी तो जिवाणू किंवा वेदनाशामक गोळ्यांचा मारा असतो, आणि जिवाणू असला तर एक-दोन आठवड्यांच्या अँटिबायोटिकने जातो. कितीतरी माणसं आपल्या स्वभावाला दोष देत पोट धरून बसली असतील.

‘थायरॉईड म्हणजे गिळलेले शब्द.’ आपली भाषा भावना शरीरातूनच बोलते. घसा दाटतो, पोटात गोळा येतो, पायातलं बळ जातं. हे खरंच होतं, पण त्या क्षणापुरतं, स्नायू आणि नसांमुळे. मेसेज लिहिणाऱ्याने त्या बोलण्यालाच आजारांची यादी केलं. दाटून येतो तो घसा, आणि थायरॉईड ही घशाच्या पुढची वेगळी ग्रंथी आहे. ती मंदावण्याचं नेहमीचं एक कारण म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती तिच्यावरच उलटणं. हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी त्याचं वर्णन १९१२ सालीच केलं होतं. मधुमेहाच्या ‘गोडव्या’चंही तसंच, तो फक्त शब्दाला शब्द जोडलेला आहे.

‘कॅन्सर म्हणजे जुना राग.’ या वाक्याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो. केमोच्या उलट्या थांबवणाऱ्या गोळ्या न्यायला आलेल्या एका माणसाने मला विचारलं होतं, “ती कुणावर चिडली असेल हो एवढी? माझ्यावर?” त्या घरात आधीच किती ओझं होतं, आणि एका मेसेजने त्यात हे टाकलं. युरोपातल्या १,१६,०५६ लोकांच्या नोंदी तपासून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कामावरचा ताण आणि कॅन्सर यांचा संबंध आढळला नाही. ताणाने माणूस तंबाखूकडे वळला तर धोका वाढतो, पण तो तंबाखूचा.

‘आठवण शोधून बाहेर काढा.’ आठवण ही काट्यासारखी रुतलेली, जशीच्या तशी पडून असलेली वस्तू नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९९५ मध्ये २४ जणांना लहानपणी बाजारात हरवल्याची खोटी गोष्ट घरच्यांच्या हवाल्याने सांगितली. सहा जणांना ती पूर्ण किंवा थोडीफार ‘आठवली’. कुणी नवखा डोळे मिटायला लावून ‘आठवा, कुणी दुखावलं होतं?’ असं विचारत राहिला, तर न घडलेलं दुःखही सापडू शकतं, आणि मग घरातल्या कुणावर तरी आळ येतो. खऱ्या आघातासाठी शिकलेल्या माणसाकडून होणारे उपचार आहेत, जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये त्यांची शिफारसही केली आहे. त्यात जुनी खूण पुसली जात नाही. सुरक्षित जागी तिला पुन्हा पुन्हा सामोरं जाऊन मेंदू शेजारी नवी खूण तयार करतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास मला अजून येतो, पण आता खोका उचलून उन्हात ठेवता येतो.

‘औषधं आपोआप सुटतील.’ काकूंना हलकं का वाटलं, हे दुकानदार म्हणून मला सांगता येतं. थायरॉईडच्या गोळीतलं औषध रक्तात निम्मं व्हायलाच साधारण आठवडा लागतो. गोळी सोडल्यावर पहिले दोन-तीन आठवडे जुन्या साठ्यावर निघतात, आणि माणसाला वाटतं मेसेजचा गुण आला. मग थकवा, बद्धकोष्ठ, केस गळणं हळूहळू सुरू होतं, तोवर कारण विसरलेलं असतं. बीपी तर वाढला तरी बहुतेकदा कळतच नाही. बीपीच्या काही गोळ्या, फिटच्या गोळ्या एकदम सोडल्या तर जिवावर बेततं. या मेसेजची ‘प्रचिती’ मिळते ती अशी, मागच्या महिन्याच्या गोळीवर.

हे सगळं मी काकूंना सांगितलं. त्या ऐकत होत्या, पण डोळे भरले होते. म्हणाल्या, “मग भाऊ, तीस वर्षं सासरी ऐकून घेतलं, ते काहीच नाही का?”

तो मेसेज त्यांना का लागला, ते मला तेव्हा कळलं. त्यांच्या दुःखाची दखल घेणारं पहिलं कुणीतरी म्हणजे तो मेसेज होता. मी म्हणालो, काकू, ते खूप आहे, आणि त्यासाठी वेगळा माणूस हवा. बिलाच्या मागे १४४१६ लिहून दिलं. ही सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासून घ्या, असंही सांगितलं.

टीएसएच (थायरॉईड मंदावली की रक्तात वाढणारं संप्रेरक) वाढलेला निघाला. उपाशीपोटी घ्यायची गोळी पुन्हा सुरू झाली. त्या नंबरवर फोन केला का, हे मी त्यांना विचारलेलं नाही.