‘मुलींना संशोधनात रसच नसतो’ म्हणे!

नाशिकच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. मुलींना संशोधनात रस नसतो, पटत नसेल तर नोबेलची यादी बघा. आयआयटीत मुलींना वेगळ्या जागा देऊन हुशार मुलांवर अन्याय होतो. आणि विज्ञानाला कुठे बाई-पुरुष असतो?

रसाचं आधी. केंद्राच्या २०२१-२२ च्या उच्च शिक्षण पाहणीत विज्ञान शाखेत ५२ टक्के मुली होत्या. देशातल्या संशोधकांत मात्र पाचांत एकसुद्धा बाई भरत नाही. म्हणजे येतात त्या, टिकू दिलं जात नाही. सिन्नरहून गंगापूर रोडच्या कॉलेजात पीएचडीला येणारी मुलगी डोळ्यांपुढे आणा. प्रयोगाची रीडिंग घेऊन संपेस्तोवर रात्रीचे आठ, मग एसटीसाठी पळापळ. मुलाला विचारतात, ‘पीएचडी कधी संपणार?’ हिला विचारतात, ‘लग्नाआधी संपेल ना?’ पीएचडी करणाऱ्या बायकांना २४० दिवसांची प्रसूती-बालसंगोपन रजा आणि दोन वर्षं जादा मुदत विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) दिली, तीही २०१६ मध्ये!

नोबेलची यादी बघाच. अणुविखंडनाचं, म्हणजे अणूचं केंद्र फुटतं या शोधाचं, १९४४ चं नोबेल एकट्या ऑटो हान यांना मिळालं. त्याचा भौतिक उलगडा करणाऱ्या लिझे माइटनर बाहेरच राहिल्या. आपल्याकडे जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींना, तेव्हाच्या कमला भागवतांना, १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. बाई हटून बसल्या, तेव्हा वर्षभर पारखून घेण्याच्या अटीवर घेतलं. १९३९ मध्ये त्या केंब्रिजच्या पीएचडी झाल्या.

आयआयटीतल्या जागा २०१८ पासून जादा म्हणून वाढवल्यात. मुलांची एकही कापलेली नाही, आणि जेईई अ‍ॅडव्हान्स्ड ही प्रवेश परीक्षा मुलींनाही चुकलेली नाही. अन्यायच मोजायचा तर अमेरिकेतला २०१२ चा प्रयोग घ्या. विज्ञानाच्या १२७ प्राध्यापकांकडे नोकरीचा एकच अर्ज गेला, काहींकडे जॉनच्या नावाने, काहींकडे जेनिफरच्या. जॉन जास्त लायक ठरला, पगारही जास्त सुचवला गेला. तसं ठरवणाऱ्यांत बायकाही होत्या, बरं का.

राहिला बाई-पुरुष. झोपेचं औषध झोल्पिडेम बायकांच्या शरीरातून सावकाश बाहेर पडतं, म्हणून अमेरिकेत त्यांचा डोस निम्मा करायला २०१३ उजाडलं. औषध तोवर वीस वर्षं विकलं जात होतं. इथे निफाड-दिंडोरीत द्राक्षांची विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं) जास्त करून बायाच करतात; मांडवाखाली दिवसभर हात वर. त्या खांद्यांचं, औषधात बुडणाऱ्या त्या हातांचं काय होतं? आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशकातच आहे. पीएचडीला विषय शोधणाऱ्यांनी हंगामात एक चक्कर तिकडे मारावी.