स्ट्रॅथनेव्हरमध्ये माणसं राहत होती

माझी भाची पुढच्या महिन्यात स्कॉटलंडला निघाली आहे. परवा तिने घरच्या ग्रुपवर एक फिरता व्हिडिओ टाकला. हिरवी दरी, मधून नदी, खाली मजकूर: ‘माणसाचा कधीच स्पर्श न झालेली भूमी. इथे शेती होतच नाही. जे थोडे लोक होते ते स्वखुशीने अमेरिकेला गेले.’ शेवटी तिचं, “मावशी, किती शांत ना!” मला राहवेना. ती दरी उत्तर स्कॉटलंडमधल्या स्ट्रॅथनेव्हरची आहे.

‘स्पर्श न झालेली’ हे तर चीड आणणारं आहे. नेव्हर नदीच्या काठाने मॅके कुळाच्या, गेलिक ही तिथली जुनी भाषा बोलणाऱ्या लोकांच्या वाड्या होत्या. त्यांतल्या रोझालचं 1962 मध्ये उत्खनन झालं. लांबट घरं सापडली, एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला गुरं. शिवाय ओलं धान्य वाळवायच्या भट्ट्या. शेती होत नव्हती तर भट्ट्या कशाला बांधल्या? पिढ्यान् पिढ्या शेणखत पडलेल्या त्या जागांवरचं गवत आजही भोवतालच्या माळापेक्षा हिरवं दिसतं.

जमीन निकस होती, पीक बुडालं की उपासमार व्हायची, एवढं खरं. पण स्वखुशीने? 1814 आणि 1819 मध्ये या मुलखाची जमीनदारीण असलेल्या सदरलंडच्या काउंटेसच्या इस्टेटीने मेंढ्यांसाठी ही माणसं हुसकावली. इस्टेटीचा कारभारी पॅट्रिक सेलर आणि रिकाम्या होणाऱ्या कुरणाचा पट्टेदार, दोन्ही एकच माणूस! घरांच्या छपरांना आगी लावल्या. त्या उजाड मुलुखात छपराचं लाकूड म्हणजे मोठी दौलत, नवं घर त्यावरच उभं राहायचं. बाडिनलॉस्किन या वस्तीत अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या मार्गारेट मॅकेला पेटत्या घरातून बाहेर काढलं, काही दिवसांतच ती गेली. 1816 मध्ये इन्व्हरनेसच्या कोर्टात सेलर निर्दोष सुटला, हे मान्य. पण ज्यूरीत जमीनदारांचाच भरणा होता.

अमेरिकेचं म्हणाल तर काही जण समुद्रापार गेले, पण बहुतेकांना आधी किनाऱ्यावरच्या खडकाळ तुकड्यांवर नेऊन टाकलं. जन्मभर गुरं राखलेल्यांनी म्हणे मासे धरायचे.

पुरावा हवा असेल तर या छोट्या शेतकऱ्यांच्या हालांची चौकशी करणाऱ्या सरकारी नेपियर आयोगाचा अहवाल उघडा. हा लॉर्ड नेपियर म्हणजे मद्रासचा गव्हर्नर, 1872 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हत्येनंतर काही काळ हिंदुस्थानचा हंगामी व्हाइसरॉय. स्वतः उमराव. त्याच्या आयोगाने 1883 मध्ये नेव्हरच्या मुखाजवळच्या बेटीहिल गावात बसून साक्षी नोंदवल्या. लहानपणी हाकलले गेलेले म्हातारे तिथे बोलले, ते शब्दशः छापलं गेलं. पुढे 1886 मध्ये तिथल्या खंडाने कसणाऱ्या छोट्या शेतकऱ्यांना जमिनीवर राहण्याचा हक्क देणारा कायदा झाला.

आणि बेटीहिल हे नावसुद्धा त्या काउंटेस एलिझाबेथवरूनच पडलं.

तेव्हा बाळा, जाशील तर बेटीहिलच्या जुन्या चर्चमधलं संग्रहालय बघ, मग रोझालच्या पडक्या भिंतींमधून पायी फीर. आणि ग्रुपवरचा तो व्हिडिओ आजच काढून टाक.