दोन ओळींचं उत्तर द्यायला तुमचं काय जातं?

आज डोक्यात अशी तिडीक गेलीय की लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

माझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट प्रोस्थेटिक मेकअपचा आहे, म्हणजे साच्यात ओतलेले सिलिकॉनचे तुकडे चिकटवून चेहरा बदलायचा. वर्गातल्या मैत्रिणीला सत्तरीची आजी करायची. कपाळाच्या वळ्या, ओघळलेले गाल, हनुवटीखाली लोंबणारी कातडी. विषय अभ्यासक्रमात आहे, शिकवणारं कुणी नाही. आमच्या मॅडम ब्रायडलवाल्या. त्यांनी सरळ सांगितलं, "अगं, सिलिकॉनमधलं मला काही कळत नाही. इंडस्ट्रीतल्या कुणाला तरी विचार." त्यांच्यावर माझा राग नाही, निदान खरं बोलल्या.

मग विचारलं. मुंबईतल्या, पुण्यातल्या, ज्यांची कामं बघून मी या वाटेला आले त्या सगळ्यांना. "सर नमस्कार, मी नाशिकची विद्यार्थिनी" असं नीट लिहून, साच्याचे फोटो लावून. प्रश्न एकच होता: प्लॅटिनम सिलिकॉन साच्यात ओतून रात्रभर ठेवलं तरी वरचा थर चिकटच राहतोय, कशामुळे?

बहुतेकांनी वाचलं आणि सोडून दिलं. एकांनी लिहिलं, "प्रॅक्टिस कर बेटा." कशाची प्रॅक्टिस करू? कारणच माहीत नसेल तर शंभर वेळा ओतलं तरी शंभर वेळा चिकटच निघणार ना! सिलिकॉन म्हणजे कणीक नाही, बिघडली तर पीठ लावून परत मळायला. मुंबईहून कुरिअरने मागवायचं, एकदा त्याचे ए आणि बी हे दोन भाग मिसळले की संपलं. दुसऱ्यांनी वर्कशॉपचं पोस्टर पाठवलं. फी माझ्या बाबांच्या महिन्याच्या पगाराएवढी. तिसऱ्या मॅडम म्हणाल्या, "आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आम्ही धक्के खाऊनच शिकलो." आणि एक महाशय तर म्हणे, शूटवर ये, महिनाभर फुकट ब्रश धू, मग बघू.

कारण शेवटी मला कंपनीच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात सापडलं. साचा ज्यावरून घेतो त्या मूर्तिकामाच्या मातीत गंधक असेल तर प्लॅटिनम सिलिकॉन जमतच नाही. लॅटेक्सचे हातमोजे घालून हाताळलं तरी तेच. बिनगंधकाची क्ले घे, हातमोजे व्हिनाइलचे घाल. झालं! एवढंच उत्तर होतं. हे काम रोज करणाऱ्या माणसाला हे झोपेतही सांगता येतं. तेवढं टाइप करायला लागणाऱ्या वेळात त्या सरांनी मला पोस्टर पाठवलं.

आणि हे फक्त पैशांचं असतं तर मी गिळून टाकलं असतं. चेहऱ्याचा साचा घेण्याबद्दल विचारलं तेव्हा, स्वतःला सीनियर आर्टिस्ट म्हणवणाऱ्या एकांनी फोनवर सांगितलं, "व्हॅसलीन चोपड आणि थेट पीओपी लाव, स्वस्तात होतं." थेट चेहऱ्यावर! पीओपी घट्ट होताना तापतं हो. 2007 साली इंग्लंडमधल्या लिंकनशायरमध्ये एका शाळकरी मुलीने साच्यासाठी हात पीओपीच्या बादलीत घातले, आत तापमान 60 अंशांपर्यंत गेलं आणि तिची जवळजवळ सगळी बोटं गेली. मी ते ऐकलं असतं तर? माझी मैत्रीण माझ्यावर विश्वास ठेवून डोळे मिटून बसणार आहे. तिच्या आईला मी काय तोंड दाखवलं असतं? माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, पण पोरांच्या जिवाशी खेळू नका.

मला खरी मदत कुणी केली सांगू? दातांच्या डॉक्टरांना माल पुरवणाऱ्या दुकानातल्या काकांनी. साचा घ्यायच्या पावडरीचं, अल्जिनेटचं पाकीट देताना त्यांनी विचारलं, "एवढं कशाला गं?" सांगितलं तर म्हणाले, "हे दातांच्या मापासाठी असतं, झटकन जमतं. पूर्ण तोंड घ्यायचंय तर पाणी फ्रीजमधलं घे, नाहीतर आपल्या नाशिकच्या उन्हाळ्यात भांड्यातच घट्ट होईल. आणि साचा निघाला की लगेच भर, ठेवलास तर आकसतो." फी नाही, ओळख नाही, काही नाही. मेकअपशी ज्या माणसाचा संबंध नाही त्याला हे सुचलं, आणि ज्यांचा हा धंदा आहे त्यांनी मूग गिळले.

"आम्हाला कुणी सांगितलं नाही" हे तर मला अजिबात पटत नाही. आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके 1912 साली लंडनला गेले तेव्हा कुणाच्या ओळखीवर गेले होते? एका सिनेमा साप्ताहिकाच्या कचेरीत जाऊन धडकले. त्या अनोळखी संपादकाने त्यांना सेसिल हेपवर्थ या चित्रपट निर्मात्याकडे नेलं, आणि हेपवर्थने स्वतःचा स्टुडिओ उघडून दाखवला. पुढच्याच वर्षी 'राजा हरिश्चंद्र' आला. त्या दोघांनी "वर्कशॉपला या" म्हटलं असतं तर? आणि प्रोस्थेटिक्सचंच बोलायचं तर डिक स्मिथ. 'द एक्झॉर्सिस्ट'चा मेकअप करणारा माणूस, नंतर मानद ऑस्कर मिळालेला. तो नवख्या पोरांच्या पत्रांना उत्तरं द्यायचा, आपली तंत्रं उघड सांगायचा. रिक बेकर त्याच्याच हाताखाली तयार झाला, आणि मेकअपसाठीचं ऑस्कर सुरू झालं तेव्हा पहिलं त्यालाच मिळालं. म्हणून काय डिक स्मिथचं काम कमी झालं?

वेळ नाही म्हणता, मान्य. शूट सोळा सोळा तास चालतात, मला कळतं. पण मग मुलाखतीत "नवी पिढी मेहनत घेत नाही, लहान गावातून टॅलेंट येत नाही" असं बोलू नका. आलंय ना टॅलेंट, इनबॉक्समध्ये पडलंय तुमच्या. शिकवू नका, साचा करून देऊ नका, फक्त "क्लेमध्ये गंधक आहे का बघ" एवढं लिहा.

शुक्रवारी बाहेरचे परीक्षक येतायत. सिलिकॉन आता छान जमतंय, गाल बसले, कपाळ बसलं. अडलंय ते गळ्याशी. प्रॉस-एड हा मेकअपचा गोंद दोन्हीकडे लावून, पारदर्शक होईपर्यंत वाळवून मगच चिकटवते, तरी मैत्रीण बोलायला लागली आणि घाम आला की कानाखालची कड सुटते. घामाच्या जागी सिलिकॉनचंच अ‍ॅडहेसिव्ह वापरायचं का, की आधी त्वचेवर काही लावायचं? ज्याला माहीत असेल त्याने कृपा करून सांगा. पोस्टर पाठवू नका.