रायफलला तेरा फासे का दिले नाहीत

टेबलावर फाशांनी खेळायच्या माझ्या भूमिकाखेळातल्या (रोल-प्लेइंग गेम) बंदुकांच्या तक्त्यावर आपण इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल आभार. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत. ९ मिमी पिस्तुलाला इजेसाठी २डी६ (सहा बाजूंच्या दोन फाशांची बेरीज) आणि नाटोच्या ७.६२ मिमी रायफलला केवळ ५डी६ देणे भौतिकशास्त्राला धरून नाही. बारा हिट पॉइंटच्या, म्हणजे बारा गुणांची इजा होईपर्यंत उभा राहणाऱ्या, सामान्य माणसाला पिस्तुलाच्या एका गोळीने जवळजवळ कधीच लोळवता येत नाही. पाच बारांपैकी एकच लागणे हा नायकांचा अपमान आहे. बंदुकीपुढे चिलखत निरुपयोगी ठरले पाहिजे. ठासणीची बंदूक भरायला चार फेऱ्या लावणे ही खेळाडूला शिक्षा आहे, आणि शॉटगन समोर उभ्या असलेल्या सगळ्यांनाच लागली पाहिजे. यांपैकी पहिल्या आक्षेपावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण उरलेल्यांपैकी निम्मे त्याच्याच पोटातून निघालेले आहेत.

ऊर्जेचे आकडे आपण बरोबर दिले आहेत. ९ मिमीची ८ ग्रॅम वजनाची गोळी सेकंदाला सुमारे ३६० मीटर वेगाने नळीबाहेर पडते, म्हणजे तिची ऊर्जा ५२० ज्यूलच्या आसपास भरते, ७.६२ मिमीची साडेनऊ ग्रॅमची गोळी सुमारे ८४० मीटर वेगाने निघते आणि तिची ऊर्जा ३,३५० ज्यूलपर्यंत जाते. हे प्रमाण साडेसहापट आहे आणि ते जसेच्या तसे फाशांना लावले, तर रायफलला १३ फासे मिळतात, ज्यांची सरासरी साडेपंचेचाळीस येते. पण बारा हिट पॉइंटच्या माणसाला त्याचा उपयोग काय? ५डी६ची सरासरी साडेसतरा आहे आणि तेवढ्यातच तो आडवा होतो. खरी पंचाईत दुसऱ्या टोकाला होते. ०.२२ काडतुसाची ऊर्जा सुमारे १४० ज्यूल असते, म्हणजे सरळ प्रमाणात त्याच्या वाट्याला अर्धा फासा येतो आणि सहा गोळ्या लागूनही माणूस बहुधा उभाच राहतो. तक्त्याचे एक टोक मोजण्याच्या पलीकडे आणि दुसरे जवळजवळ निरुपद्रवी, अशी स्थिती झाली की खेळाडू मधली दोन-तीन शस्त्रेच वापरतात आणि बाकीचा तक्ता नुसता छापलेला राहतो.

म्हणून मी ऊर्जेचे वर्गमूळ घेतले. ९ मिमीला दोन फासे धरले, की ०.२२ला एक, ५.५६ मिमी रायफलला ३डी६+२ (तीन फासे अधिक दोन गुण) आणि ७.६२ला पाच फासे येतात. ही केवळ सोय नाही. शरीराला होणारी इजा गोळीच्या ऊर्जेच्या पटीत वाढत नाही. रायफलची गोळी पुष्कळदा आरपार जाते आणि उरलेली ऊर्जा सोबत घेऊन पलीकडच्या भिंतीत रुतते. शिवाय, ज्या खेळप्रणालीचे वास्तवाशी इमान आपण स्वतःच वाखाणले आहे, त्या गर्प्सचे आकडेही याच चालीचे आहेत. तिथे ९ मिमीला २डी+२ आणि ७.६२ला ७डी मिळतात, म्हणजे सरासरी ९ आणि साडेचोवीस. हे प्रमाण पावणेतीनपटीच्या आत आहे. माझे अडीचपट आहे. साडेसहापट तिथेही नाही.

०.४५ पिस्तुलाचा मुद्दा आपण ओझरता काढला आहे. त्याची गोळी जवळजवळ १५ ग्रॅमची, म्हणजे ९ मिमीच्या दुप्पट जड असली, तरी वेग २५५ मीटरच्या आसपास असल्यामुळे ऊर्जा ४८५ ज्यूलच भरते, म्हणजे किंचित कमीच. गर्प्समध्ये त्याला कमी फासे देऊन चिलखताच्या आत पोचलेली इजा दीडपट करतात. ही युक्ती मला मनापासून आवडते, पण टेबलावर प्रत्येक गोळीमागे एक वजाबाकी आणि एक गुणाकार करायला लावणे मला परवडणारे नाही. त्यामुळे दोन्ही पिस्तुलांना २डी६ दिले, आणि तो निर्णय मी बदलणार नाही.

आता एका गोळीत माणूस न पडण्याबद्दल. २डी६वर बारा पडण्याची शक्यता ३६त एक आहे, हे आपले गणित अचूक आहे. मात्र पिस्तुलाची गोळी लागताच माणूस जागच्या जागी कोसळतो, ही समजूत पडद्यावरून आलेली आहे. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयच्या पथकाची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. तीत एका दरोडेखोराच्या दंडातून छातीत शिरलेली ९ मिमीची गोळी हृदयापर्यंत पोचण्याआधीच थांबली. त्यानंतरही तो लढत राहिला आणि त्या चकमकीत दोन एजंट मारले गेले. त्यातूनच पुढे एफबीआयने जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी किमान १२ इंच खोल गेलीच पाहिजे, अशी कसोटी ठरवली. १९८९च्या त्यांच्या अहवालात तर असे म्हटले आहे, की हृदय पूर्ण निकामी झाले तरी मेंदूत शिल्लक असलेल्या प्राणवायूवर माणूस १० ते १५ सेकंद स्वतःच्या इच्छेने हालचाल करू शकतो. माझी एक फेरी ६ सेकंदांची आहे. म्हणजे ज्याला आपण तत्काळ मृत मानता, त्याला वास्तवात दोन फेऱ्या मिळतात आणि त्या दोन फेऱ्यांत तो आपल्यावर गोळ्या झाडू शकतो.

माझ्या नियमात म्हणूनच जखमेपेक्षा रक्तस्रावाला महत्त्व आहे: गोळी लागलेल्या पात्राचा, जखम बांधली जाईपर्यंत, दर फेरीअखेर एक हिट पॉइंट जातो. मेंदू आणि मज्जारज्जू यांना लागलेल्या गोळीसाठी नैसर्गिक वीसचा नियम आहे, म्हणजे नेमाच्या वीस बाजूंच्या फाशावर वीसच पडले तर इजेचे फासे दुप्पट होतात; ४डी६वर बारा किंवा अधिक पडण्याची शक्यता सुमारे ७६ टक्के आहे. इतके करूनही आपल्या गटाला खेळ मवाळ वाटत असेल, तर फासे वाढवू नका, सामान्य माणसाचे हिट पॉइंट बारावरून आठवर आणा. फासे वाढवले तर चिलखताचा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

चिलखताबाबत आपण पाथफाइंडर या दुसऱ्या भूमिकाखेळाचे उदाहरण दिले आहे. त्याच्या २०११च्या 'अल्टिमेट कॉम्बॅट' या नियमपुस्तकात जुन्या बंदुकांना पहिल्या पल्ल्याच्या आत चिलखत मोजायचेच नाही, असा नियम आहे. त्याचा परिणाम आपण खेळताना पाहिला असेलच. अजस्र ड्रॅगनचे खवले हिशेबातून गेले आणि आकारामुळे त्याला उणे गुणही मिळाले, म्हणून त्याच्यावर नेम धरणे चपळ चोरावर नेम धरण्यापेक्षा सोपे झाले. इतिहासही या नियमाच्या बाजूने नाही. युरोपातले चिलखतकार छातीच्या पत्र्यावर स्वतःच गोळी झाडून पाहत आणि तो पोचा पारखल्याची खूण म्हणून तसाच ठेवत. आजची मानकेही हेच सांगतात: अमेरिकेच्या एनआयजे या सरकारी संस्थेच्या मानकात २०२३पर्यंत '३ ए' म्हटल्या जाणाऱ्या पातळीचे मऊ जाकीट ९ मिमी आणि ०.४४ मॅग्नम अडवते, पण रायफलची गोळी अडवू शकत नाही. त्यासाठी ताठ चिलखती प्लेट घालावी लागते. म्हणून मी मऊ जाकिटाला पिस्तुलाविरुद्ध दहा आणि रायफलविरुद्ध फक्त पाच गुणांची वजावट दिली आहे. ९ मिमीची गोळी त्यातून बारा वेळांतून एकदाच एखाद-दुसरा हिट पॉइंट खाते, आणि तो जाकिटामागच्या बरगडीला बसलेला मुका मार आहे असे समजावे.

नेमाचा आक्षेप मला सर्वांत कमी पटला. अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेने २००८ साली न्यूयॉर्क पोलिसांच्या १९९८ ते २००६ या काळातल्या गोळीबारांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात समोरून गोळीबार होत असताना पोलिसांच्या गोळ्या लागण्याचे प्रमाण सरासरी १८ टक्के आणि होत नसताना ३० टक्के आढळले. ही माणसे प्रशिक्षित होती. माझ्या तक्त्यात वीस बाजूंच्या फाशावर गोळीबाराखाली किमान १७ आणि एरवी किमान १५ पडावे लागतात, म्हणजे २० आणि ३० टक्के. नायकांना त्यावर कौशल्याचे गुण मिळतात, आणि एक फेरी नेम धरण्यात घालवली तर आणखी चार. आपल्या गटातले खेळाडू ही नेम धरण्याची फेरी वापरतच नाहीत, असे आपल्या वर्णनावरून दिसते. तसेच, मिनिटाला ६०० गोळ्या झाडणाऱ्या रायफलचे तीस गोळ्यांचे मॅगझिन तीन सेकंदांत, म्हणजे अर्ध्या फेरीत रिकामे होते. त्यामुळे लांब फैरीने शत्रूला आडोशामागे दाबून ठेवणे हाच तिचा मुख्य उपयोग मी धरला आहे.

ठासणीच्या बंदुकीबद्दल थोडक्यात. कसलेला शिपाई मिनिटाला दोन ते तीन बार काढत असे, म्हणजे एका बाराला २० ते ३० सेकंद, आणि माझ्या चार फेऱ्या त्यातच बसतात. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये मस्केट दर सहा सेकंदांना झाडता येते, म्हणजे मिनिटाला दहा बार. ते कोणत्याही पलटणीला जमलेले नाही. चार फेऱ्या कंटाळवाण्या वाटतात, हे मान्य; पण रंजक, म्हणजे बार पेटवणारी दारू, घालून, मुख्य दारू आणि गोळी गजाने ठासत बसायचे, की बंदूक टाकून तलवार उपसायची, की कमरेचे दुसरे पिस्तूल काढायचे, हा निर्णय प्रत्येक फेरीला नव्याने घ्यावा लागतो. पाऊस असेल तर वीस बाजूंच्या फाशावर पाचपर्यंत काहीही पडले, की रंजक भिजले असे मानावे.

राहिली शॉटगन. १२ बोअरच्या मोठ्या छर्‍यांच्या एका काडतुसात साधारणपणे नऊ छर्रे असतात, आणि ते एक मीटर अंतराला अदमासे तीन सेंटिमीटर या हिशेबाने पसरतात. दहा मीटरवर हा घोळका वीतभरापेक्षा थोडाच मोठा असतो आणि एका माणसाच्या छातीत सहज मावतो. खोलीभर छर्रे उधळणारी शॉटगन अस्तित्वात नाही. अंतराप्रमाणे फासे घटवण्याची 'कॉल ऑफ कथुलू' या भूमिकाखेळातली ४डी६, २डी६, १डी६ ही उतरंड मला योग्य वाटली, म्हणून तीच मी घेतली: १० मीटरपर्यंत चार फासे, २० मीटरपर्यंत दोन, त्यापुढे एक, आणि लक्ष्य एकच. दुसऱ्या माणसाला छर्रा लागण्याची तरतूद मी २० मीटरपलीकडे, आणि तीही दोघे खांद्याला खांदा लावून उभे असतील तरच, ठेवली आहे.